हार्ड डिस्क टकटक करतेय : दुरुस्त करावी की नवीन घ्यावी?

खिळेजुळारी | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, सल्ला हवा आहे आणि जरा घाईचा आहे.

विट्यात आमची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, अधूनमधून एखाद्या मास्तरांचा कवितासंग्रह. डीटीपीच्या मशीनला (पानं जुळवायच्या कॉम्प्युटरला) १ टीबीची साधी साडेतीन इंची हार्ड डिस्क आहे. गेल्या आठवड्यापासून फाइल उघडायला उगाच वेळ लागत होता. काल पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि मशीन जागच्या जागी गोठलं. डिस्कमधून टक, टक, टक असा आवाज आला आणि मग ती फिरायचीच थांबली. पुन्हा चालू केलं तर कधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या पडद्यावर) दिसते, कधी दिसत नाही.

तीन ठिकाणी विचारलं. गावातला दुकानदार म्हणाला, "इथं टाका, दोन दिवसांत दुरुस्त करून देतो, साडेतीन हजार." सांगलीतला म्हणाला, "एवढ्या जुन्या डिस्कवर कोण पैसे घालतंय, नवीन एसएसडी (चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) घ्या." पुण्याच्या एका लॅबला फोन केला, ते म्हणाले हेड (डिस्कमधला वाचणारा भाग) गेलं असेल तर २२ ते ३० हजार. तिघांची तीन तोंडं.

एका एक्सटर्नल डिस्कवर २०२२ च्या दिवाळीपर्यंतची प्रत आहे. त्यानंतरचं सगळं काम या डिस्कवरच. दुरुस्त केलेली डिस्क पुढं रोजच्या कामाला वापरता येते का? आणि पंचवीस हजार घालण्यात अर्थ आहे का?

---

रात्रपाळी | रविवार, रात्री ९.५२

पहिलं काम : मशीन बंद करा आणि डिस्कची पॉवरची वायर उपसून ठेवा. बाकी चर्चा सावकाश करू. टकटक करणारी डिस्क "बघू आता तरी दिसते का" म्हणून परत परत चालू करणं हे सगळ्यात वाईट.

---

सह्यकडा | रविवार, रात्री १०.०५

+१. आज रात्री एकदाही चालू करू नका.

---

चकतीवाला | रविवार, रात्री ११.२०

डेटा रिकव्हरीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही एकच प्रश्न विचारलाय, पण ते दोन आहेत. डिस्कचं काय करायचं आणि आतल्या फायलींचं काय करायचं. पहिल्याचं उत्तर अशा हार्ड डिस्कसाठी एकच : बदलायची. टकटक करणारी डिस्क "दुरुस्त" होऊन परत रोजच्या कामाला लागत नाही. लॅबवाले हेड बदलतात ते फक्त आतला मजकूर एकदा बाहेर काढण्यापुरतं. बदललेलं हेड काही तास चालतं, कधी काही दिवस. तेवढ्या वेळात पूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची आणि जुनी बाजूला ठेवायची. त्यामुळं जो कोणी "दुरुस्त करून देतो, परत वापरा" म्हणतो, त्याला आधी विचारा की नेमकं काय करणार. बहुतेक वेळा उत्तर असतं फॉरमॅट. म्हणजे डिस्क चार दिवस चालेल आणि तुमच्या फायली कायमच्या जातील.

आवाज का येतो तेही सांगतो. आत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. हेड चकतीला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. डोक्याचा केस पन्नास हजार नॅनोमीटरपेक्षा जाड असतो, म्हणजे अंतर किती कमी ते बघा. चालू झाल्यावर हेड चकतीवरच्या खुणा वाचून आपण कुठं आहोत ते शोधतं. त्या खुणा वाचता आल्या नाहीत की हेड धरणारा हात मागं जातो, परत पुढं येतो, परत मागं. तो "टक" म्हणजे हात मागच्या अडसराला आपटल्याचा आवाज. काही वेळा असं झालं की डिस्क दमून मोटर बंद करते. तुमचं वर्णन तंतोतंत तसंच आहे.

हेड नुसतं अशक्त झालं असेल तर चकती अजून शाबूत आहे. हेड मोडून चकतीवर घासायला लागलं तर वरचा चुंबकीय थर खरवडला जातो, आणि ते जगातल्या कुठल्याही लॅबला परत आणता येत नाही. पहिल्या अवस्थेतून दुसरीत जायला एकदा चालू करणंही पुरतं. रात्रपाळी यांनी वायर उपसायला सांगितली ती याचसाठी.

---

तांबडीमाती | सोमवार, सकाळी ७.१०

आमच्या ऑफिसात एकानं डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती. सकाळी चालली आणि अर्ध्या फायली निघाल्या. फुकटचा उपाय आहे, करून बघायला काय हरकत?

---

चकतीवाला | सोमवार, सकाळी ८.०२

@तांबडीमाती, जुन्या डिस्कमध्ये मोटरचं बेअरिंग अडकणं किंवा हेड चकतीला चिकटून बसणं हे प्रकार जास्त व्हायचे. थंडीनं धातू आकसला की कधीमधी सुटायचं. तेव्हा त्या उपायाला काहीतरी आधार होता. आता बाहेर काढल्यावर चकतीवर दव धरतं आणि त्या ओल्या चकतीवरून हेड फिरतं. फ्रीजरमधून आलेल्या डिस्क लॅबला हमखास ओळखू येतात, आणि त्यातल्या बऱ्याच हाताबाहेर गेलेल्या असतात.

---

कोकमसरबत | सोमवार, सकाळी ८.३०

आमच्या फ्रीजरमध्ये सध्या सुरमई आणि सोलकढीचे क्यूब आहेत. डिस्कला जागा नाही, बरंच झालं.

---

पेठेतला | सोमवार, सकाळी ९.१५

मला जरा वेगळं वाटतं. तपासल्याशिवाय थेट लॅबचं नाव कशाला? टकटक म्हणजे दर वेळी हेडच गेलं असं नसतं. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) म्हातारा झाला आणि १२ व्होल्ट नीट मिळेना की डिस्क अशीच अडखळते. साटा केबल (डिस्क मशीनला जोडणारी) सैल असेल तरी मशीन गोठतं. माझ्या भाच्याची डिस्क "गेली" म्हणून दोन दुकानांनी सांगितलं होतं. केबल बदलली आणि ती आजही चालतेय. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्याचे, आकडे बघा. सी७ क्रमांकाचा आकडा वाढलेला दिसला तर केबल, ०५ आणि सी५ वाढलेले असतील तर चकतीचे भाग खराब. आधी दोनशे रुपयांची केबल, मग पंचवीस हजार.

---

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ९.४०

@पेठेतला, नुसतं गोठण्यापुरतं असतं तर तुमच्याशी सहमत. पण इथं टकटक आहे आणि बायोसमध्ये कधी दिसते, कधी नाही. अशा डिस्कवर विंडोज सुरू करायचं, म्हणजे ते पहिल्या सेकंदापासून शेकडो ठिकाणी वाचणार आणि लिहिणार. केबलची शंका फेडायचीच असेल तर दुसऱ्या मशीनला, चांगल्या एसएमपीएसवर, नव्या केबलनं, एकदाच जोडा. आवाज तोच आला तर लगेच बंद. दुसरी संधी घ्यायची नाही.

---

खिळेजुळारी | सोमवार, सकाळी ११.०५

सगळ्यांचे आभार. वायर कालच काढली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनला नवीन केबलनं आज एकदाच जोडली. तोच आवाज. लगेच बंद केली.

त्याआधी शुक्रवारी एका ओळखीच्या मुलानं स्मार्टचा फोटो काढून ठेवला होता, तो आता मिळाला : ०५ मध्ये ११२, सी५ मध्ये ३४४.

---

पेठेतला | सोमवार, सकाळी ११.२०

मग केबलचा विषय मिटला. सी५ म्हणजे वाचता न आलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या जागा. हा आकडा शून्यावरून हलला की मी डिस्क त्याच दिवशी बदलतो.

---

शून्यएक | सोमवार, दुपारी १.००

स्मार्टवरून आठवलं. गूगलनं २००७ साली आपल्याच एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. तपासणीत पहिली वाचन-चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टमध्ये तापमान सोडून कसलाच इशारा दिलेला नव्हता. म्हणजे आकडा वाढला तर घाबरायलाच हवं, पण आकडा शून्य आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

---

वऱ्हाडी_वायर | सोमवार, दुपारी २.३०

भाऊ, ते साडेतीन हजारवाले काय करतात ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अमरावतीत आमच्या ओळखीच्या फोटोग्राफरची डिस्क अशीच बिघडली. दुकानदारानं दुकानातच, पंख्याखाली, डिस्कचे स्क्रू काढून झाकण उघडलं. बोटानं हेड सरकवलं. बंद केलं, चालू केलं, किर्र आवाज आला अन् खेळ खल्लास. अख्ख्या सीझनची लग्नं होती त्यात. नंतर मुंबईच्या लॅबनं डिस्क पाहूनच हात जोडले. चकतीवर गोल चरा पडला होता, उजेडात धरली की स्पष्ट दिसायचा.

उघडणं हे फक्त धूळविरहित खोलीतलं काम आहे. कोणी तुमच्यासमोर झाकण उघडायला लागलं तर डिस्क उचलून घरी या.

---

मीठभाकर | सोमवार, दुपारी ३.१०

बोर्ड बदलून नाही का चालत? खालची हिरवी पाटी. तेच मॉडेल ऑनलाइन जुनं मिळतं, स्वस्तात.

---

चकतीवाला | सोमवार, दुपारी ४.००

@मीठभाकर, पूर्वी चालायचं. आताच्या डिस्कमध्ये प्रत्येक डिस्कच्या हेडची आणि चकत्यांची स्वतंत्र मापं कारखान्यात नोंदवलेली असतात, आणि त्यांचा एक भाग बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये असतो. दुसरा बोर्ड लावायचा तर ती चिप उचलून त्यावर बसवावी लागते. नुसता बोर्ड बदलला की चांगली डिस्कसुद्धा टकटक करायला लागते.

बोर्डाचा बिघाड वेगळा ओळखू येतो. डिस्क अजिबात फिरत नाही, आवाज शून्य, कधी जळका वास. साडेतीन इंची एक्सटर्नल डिस्कला १२ व्होल्टऐवजी चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागला की बहुतेक वेळा बोर्डावरचा संरक्षणाचा डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. ते काम खरोखर स्वस्तात होतं आणि डेटा जसाच्या तसा मिळतो. पण खिळेजुळारींची डिस्क फिरतेय. तेव्हा हा मार्ग इथं नाही.

---

सांगलीचा_पूर | सोमवार, सायंकाळी ६.४५

अवांतर होईल, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या ऑफिसात शिरलं, तेव्हा दोन डिस्क चिखलात बुडाल्या. सगळे म्हणत होते तांदळात ठेवा, उन्हात ठेवा. लॅबनं फोनवर उलटं सांगितलं : वाळवू नका. पाणी वाळलं की गाळ आणि क्षार चकतीवर चिकटून बसतात. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून पाठवा. तसंच केलं. एकीतलं जवळजवळ सगळं मिळालं. दुसरी एका कर्मचाऱ्यानं घरी नेऊन हेअर ड्रायरनं वाळवून चालू केली होती, तिच्यातून काही मिळालं नाही.

---

चिपळूणकर२१ | सोमवार, सायंकाळी ७.२०

@सांगलीचा_पूर, २२ जुलै २०२१ नंतर चिपळुणात किती दुकानांच्या हिशेबाच्या डिस्क अशाच गेल्या. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ही प्रतिक्रिया जपून ठेवतोय.

---

गुळाचा_खडा | सोमवार, रात्री ८.१५

मला मूळ प्रश्नाचा पैशाचा भाग महत्त्वाचा वाटतो. खिळेजुळारी दादा, २०२२ च्या दिवाळीनंतरचं जे आहे त्यातलं परत हवंच असं काय आहे? झालेल्या लग्नाची पत्रिका कशाला हवी? एका कागदावर लिहून काढा : काय गेलं तर परत करता येईल, काय येणार नाही. मगच पंचवीस हजारांचं ठरवा. कित्येक जण डिस्कमध्ये एक टीबी आहे म्हणून एक टीबीचं दुःख करतात, आणि त्यातले नऊशे जीबी सिनेमे असतात.

---

खिळेजुळारी | सोमवार, रात्री १०.३०

@गुळाचा_खडा ताई (की दादा?), तुमचं पटलं. संध्याकाळी आम्ही दोघा भावांनी बसून यादी काढली.

लग्नपत्रिका : फारशा नकोत. नमुन्यांचे साचे जुन्या प्रतीत आहेत. अलीकडच्या बऱ्याच पत्रिकांच्या पीडीएफ गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या, त्या फोनमध्ये सापडतायत.

पतसंस्थांचे अहवाल : दर वर्षी मागच्या वर्षीच्या फाइलवरच आकडे बदलतो. छापील प्रती आहेत, पण पुन्हा टाइप करायचं म्हणजे ऑपरेटरचा महिना जाईल.

आणि दोन गोष्टी अशा आहेत की त्यांना तोड नाही. एका शाळेची अमृतमहोत्सवी स्मरणिका. माजी विद्यार्थ्यांनी घरच्या अल्बममधून आणलेले जुने फोटो आम्ही स्कॅन केले आणि मूळ फोटो परत दिले. काम अजून छापायचं आहे. दुसरं, एका निवृत्त गुरुजींनी खानापूर तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून दिल्यात, चारशेच्या वर पानं जुळवून झालीत. हस्तलिखित त्यांच्याकडं आहे, पण नजर अधू झालीय आणि प्रुफातल्या त्यांच्या दुरुस्त्या फक्त आमच्या फायलीत आहेत.

या दोन फोल्डरसाठी पंचवीस हजार द्यायला आम्ही तयार आहोत. बाकी मिळालं तर मिळालं.

---

कोकमसरबत | सोमवार, रात्री १०.४८

ओव्यांसाठी तरी नक्की करा. त्या सांगणाऱ्या बायका परत कुठून आणणार?

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.१०

एकदा मी सुचवतो आणि मग चकतीवाले काय म्हणतात ते ऐका. लॅबआधी डीडीरेस्क्यू करून बघता आलं असतं का? लिनक्सवरचं फुकट साधन आहे. परीक्षेत हुशार पोरं सोपे प्रश्न आधी सोडवतात आणि अवघड शेवटी, तसं ते चालतं : नीट वाचता येणारा भाग आधी भराभर उतरवून घेतं, अडलेली जागा सोडून पुढं जातं, आणि शेवटी मागं येऊन अडलेल्या जागांशी झगडतं. कुठवर आलं ते नकाशाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळं मध्येच बंद पडलं तरी पुन्हा तिथूनच सुरू. सी५ वाढलेल्या पण टकटक न करणाऱ्या डिस्कवर मी यानं अनेकांचा डेटा काढून दिलाय.

---

चकतीवाला | मंगळवार, सकाळी ७.४५

@रात्रपाळी, साधन उत्तम आहे आणि तुम्ही अट बरोबर घातलीत : टकटक न करणाऱ्या डिस्कवर. आवाज येण्याआधी, नुसती डिस्क मंदावली होती त्या टप्प्यावर, मीही हेच सांगितलं असतं. डिस्क यूएसबीच्या डबीतून न जोडता थेट साटाला जोडायची, नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी घ्यायची आणि मूळ डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही. प्रतिमा निघाली की टेस्टडिस्क किंवा फोटोरेक त्या प्रतिमेवर चालवायचं. फोटोरेक फायली काढतं पण नावं आणि फोल्डर जातात, हे ध्यानात ठेवा. चारशे पानांचं पुस्तक अनोळखी क्रमांकांच्या फायलींतून शोधणं जिकिरीचं होतं.

आता हेड खुणाच वाचत नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. डिस्क ओळखच देत नाही, तिथं सॉफ्टवेअर काय वाचणार?

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी अजून दोन गोष्टी. विंडोज "ही डिस्क फॉरमॅट करायची आहे का" असं विचारतं तेव्हा "नाही" म्हणायचं. आणि आजारी डिस्कवर चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन) चालवायचं नाही. ते फाइल-व्यवस्था सुसंगत करण्यासाठी आहे, तुमचा डेटा वाचवण्यासाठी नाही. ते न जुळणाऱ्या नोंदी बिनदिक्कत उडवतं.

खिळेजुळारी, लॅबला चार प्रश्न विचारा. तपासणीचे पैसे किती आणि काम नाही केलं तर परत मिळतात का? फायली मिळाल्या नाहीत तर शुल्क पडतं का? डोनर डिस्कचे (जिचं हेड काढून बसवतात तिचे) पैसे धरलेत की वेगळे? आणि पैसे देण्याआधी सापडलेल्या फायलींची यादी दाखवतात का? चौथ्याला "नाही" म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. आणि तुमचे दोन फोल्डर नावानिशी लिहून द्या. अशक्त हेडनं आधी तेवढंच वाचून घेता येतं.

---

टेबलफॅन | मंगळवार, सकाळी ९.३०

डिस्क वॉरंटीत असेल तर कंपनी बदलून देते की. आधी ते बघा.

---

पेठेतला | मंगळवार, सकाळी ९.५५

@टेबलफॅन, वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, डेटा देत नाही. तुमची जुनी डिस्क त्यांच्याकडं जाते आणि दुसरी येते. काही मॉडेलांबरोबर मर्यादित काळाची रिकव्हरी सेवा असते, ती बिलावर किंवा खोक्यावर लिहिलेली असते. खोकं टाकून देण्याआधी वाचा.

---

भुईचाफा | मंगळवार, दुपारी १२.१५

नवीन घेताना एसएसडी घ्यावी की हार्ड डिस्क? माझा लॅपटॉप दुरुस्तीला आहे म्हणून विचारते.

---

शून्यएक | मंगळवार, दुपारी १२.५०

@भुईचाफा ताई, विंडोज आणि रोजच्या कामासाठी एसएसडीच. सुरू व्हायला लागणारा वेळ बघितला की परत हार्ड डिस्ककडं जावंसं वाटत नाही. साठवणीच्या प्रतींसाठी हार्ड डिस्क, दर जीबीला स्वस्त पडते.

पण एसएसडीचा एक गुण आधी कळलेला बरा. हार्ड डिस्क पुष्कळदा आवाज करून, मंदावून सांगते. एसएसडीचा कंट्रोलर (ती चालवणारी चिप) गेला की काल चालत होती, आज दिसतच नाही, असं होतं. आणि चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कवर बऱ्याचदा परत मिळते. एसएसडीवर ट्रिम चालू असतं, त्यामुळं रिकामी म्हटलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. तेव्हा एसएसडी घेतली की प्रत ठेवणं जास्तच गरजेचं.

अजून एक : नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर बऱ्याच वेळा एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या मजकुराला कुलूप) आपोआप चालू असतं. मदरबोर्ड गेला आणि तुमच्याकडं रिकव्हरीची किल्ली नसेल, तर डिस्क ठणठणीत असूनही काही उघडत नाही. ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आजच बघून कागदावर उतरवून ठेवा.

---

भुईचाफा | मंगळवार, दुपारी १.४०

बघितली. आहे. उतरवून कपाटात ठेवली. खूप आभार!

---

लॅमिंग्टनचा_फेरा | मंगळवार, दुपारी ३.००

स्वस्तात "रिफर्बिश्ड" (वापरलेल्या, नीट करून विकलेल्या) म्हणून मिळणाऱ्या डिस्क प्रतीसाठी घेऊ नका, एवढंच सांगतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पोटापाण्याचा धंदा केलाय, बाजार ओळखून आहे. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून काढलेल्या, अखंड चाललेल्या डिस्क पुसून-पासून विकायला येतात. दुकानातच स्मार्टमधले चालू तासांचे आकडे बघा. तेही शून्यावर आणून देणारे लोक आहेत, म्हणून नवी, बिलासकट, वॉरंटीची घ्या.

---

सह्यकडा | मंगळवार, दुपारी ४.२०

२०११ साली थायलंडमध्ये पूर येऊन डिस्कचे कारखाने बुडाले होते, तेव्हा इथं किमती कशा भडकल्या होत्या आठवतंय का? तेव्हा सगळेच जुन्याच्या मागं लागले होते.

---

लॅमिंग्टनचा_फेरा | मंगळवार, दुपारी ४.३५

आठवतंय तर. सकाळचा भाव संध्याकाळी नसायचा. आणि आता जगात हार्ड डिस्क बनवणारे मोठे तीनच उरलेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. "अमकीची चांगली, तमकीची वाईट" यावर वेळ घालवू नका. कुठल्याही कंपनीची एकच डिस्क घेण्यापेक्षा दोन घ्या.

---

खिळेजुळारी | बुधवार, रात्री ८.००

आज पुण्याला स्वतः जाऊन डिस्क देऊन आलो. चकतीवाल्यांचे चारही प्रश्न विचारले. तपासणीचे थोडे पैसे आधी, ते पुढं बिलात वळते. फायली नाहीत तर बाकी शुल्क नाही. डोनर धरून २६ हजार. यादी आधी दाखवणार. त्यांनी डिस्क घेताना आमच्यासमोर तिचा क्रमांक पावतीवर लिहिला, ते बरं वाटलं.

---

वऱ्हाडी_वायर | बुधवार, रात्री ८.३०

लई चांगलं केलं भाऊ. कळवा.

---

मीठभाकर | शुक्रवार, सकाळी १०.१०

काही कळलं का?

---

खिळेजुळारी | पुढचा मंगळवार, सायंकाळी ७.१५

यादी आली! चारपैकी एक हेड गेलं होतं. बाकीच्या तिन्ही पृष्ठभागांचं वाचन नीट झालं, आणि हेडचा संच बदलल्यावर चौथ्याचंही बरंच मिळालं. ओव्यांचं पुस्तक पूर्ण आहे. त्यांनी एक प्रकरण उघडून पडद्याचा फोटो पाठवला, गुरुजींच्या दुरुस्त्यांसकट. स्मरणिकेच्या स्कॅनपैकी थोडे फोटो अर्ध्यावर करडे झालेत, ते ज्यांचे आहेत त्यांच्याकडून परत मागवतोय. माजी विद्यार्थ्यांचा ग्रूप आहेच. पतसंस्थांच्या फायली एक-दोन सोडून सगळ्या आल्या.

मशीनला ५०० जीबीची एसएसडी घेतली. २ टीबीच्या दोन नव्या हार्ड डिस्क घेतल्या. एक प्रेसमध्ये राहील, एक बहिणीकडं कराडला. दर महिन्याला अदलाबदल.

आता अडचण फॉन्टची. नव्या मशीनवर जुनं पेजमेकर कुरकुरतंय. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालायला मशीनला लावायची किल्ली) शाबूत आहे.

---

शून्यएक | मंगळवार, रात्री ८.०५

मनापासून आनंद झाला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७ होती, २००१ ची. त्यानंतर अडोबीनं ती पुढं नेली नाही. तिच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या ६ आणि त्यापुढच्या फायली उघडतात, नंतरच्या उघडत नाहीत. जुना एखादा सीएस६ चा परवाना कुणाकडं असेल तर त्यातून पुढं आणता येईल. ओव्यांचा मजकूर मात्र युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) रूपांतर करून साध्या मजकुराच्या फाइलमध्येही ठेवाच. फॉन्ट, डोंगल, सॉफ्टवेअर सगळं गेलं तरी तो वाचता येईल. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं घसरतात, म्हणून प्रूफ वाचणारं कुणीतरी लागेल.

---

कोकमसरबत | मंगळवार, रात्री ८.२०

प्रूफ मी वाचते. खरंच. पणजीत आहे, फायली मेलनं पाठवा. ओव्या आहेत म्हटल्यावर मला ते काम वाटणारच नाही.

---

खिळेजुळारी | मंगळवार, रात्री ८.५०

@कोकमसरबत ताई, गुरुजींना विचारून लगेच पाठवतो. ते आनंदानं हो म्हणतील.

---

चकतीवाला | मंगळवार, रात्री १०.००

उत्तम झालं. दोन कामं राहिलीत. लॅब आपल्याकडची प्रतिमा ठरावीक दिवसांनी पुसते, ती तारीख विचारून घ्या. त्याआधी महत्त्वाची प्रत्येक फाइल उघडून बघा. नाव आणि आकार बरोबर दिसला म्हणजे आत मजकूर आहे असं नाही. काही बिघडलेलं निघालं तर त्या मुदतीतच त्यांना परत सांगता येतं.

जुनी डिस्क परत मागून घ्या. गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन, पतसंस्थांची माहिती त्यात आहे, भंगारात तशीच द्यायची नाही. साडेतीन इंचीच्या चकत्या साधारणपणे अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, ड्रिलनं आरपार दोन-तीन भोकं पाडली की पुरे. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कच्या चकत्या बहुतेक काचेच्या असतात, त्यांचे तुकडे उडतात. तेव्हा डोळ्यांवर चष्मा लावूनच करा. पण हे सगळं तपासणी संपल्यावर, आधी नाही.

---

खिळेजुळारी | मंगळवार, रात्री १०.२५

तारीख विचारली, महिनाअखेर आहे. भाऊ आणि मी वाटून घेतलंय : तो अहवाल उघडून बघतोय, मी ओव्या. आत्ता दळणाच्या प्रकरणापर्यंत सगळी पानं नीट आहेत.